टवक्याचं पान

खाटेखाली दगड होता. दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, इंचभर जाड, मकराण्याचा पांढरा. बाळकुमहून टेम्पोत आला तेव्हा गोणपाटात गुंडाळलेला होता. त्याला आता दहा महिने झाले. दौलत गमरे रोज त्या खाटेवर झोपायचा, रोज तिच्यावरून उठायचा, आणि दर रविवारी दगड बाहेर ओढून ओल्या फडक्याने पुसून परत आत सारायचा. यापलीकडे त्या दगडाला त्याचा हात लागला नव्हता.

दगडावर दोन ओळी यायच्या होत्या. वर ‘नंदा दौलत गमरे’, खाली ‘यांच्या स्मरणार्थ’. कोपरच्या विहाराबाहेर महिला मंडळ पाणपोई बांधत होतं. नंदा त्या मंडळात चोवीस वर्षं होती. गेल्या डिसेंबरात सकाळी चहा गाळता गाळता ती ओट्याशी खाली बसली, ती उठली नाही. जलदानविधीला जमलेल्या बायकांनी तिथेच पाणपोईचं ठरवलं. दगड कुणाला द्यायचा, असं एकीने विचारलं. तेव्हा भिंतीला टेकून बसलेला दौलत म्हणाला, “तिचं नाव मी कोरणार.”

त्या दिवशी तो एवढंच बोलला. सगळ्यांनी ऐकलं.

चौदा डिसेंबरला वर्ष भरत होतं. त्या दिवशी पुण्यानुमोदन आणि त्याच वेळी पाणपोई सुरू. बांधकाम झालं होतं, नळ बसले होते, दगडापुरता चौकोन भिंतीत मोकळा ठेवला होता. दौलत विहारात जाता-येता तो चौकोन बघायचा. बावीस दिवस उरले होते.

बावीस दिवस कमी नव्हेत. धडधाकट हाताला हे दोन दिवसांचं काम. पण दौलतच्या डाव्या हाताची दोन बोटं मेली होती. आणि बाकीच्या दौलतचंही काही खरं नव्हतं. भूक लागली की जेवायचा, नाही लागली तरी वेळ झाली म्हणून जेवायचा. नंदा गेली त्या दिवशी तो रडला नव्हता, पुढेही रडला नाही. लोकांना वाटलं, खंबीर आहे. तसं नव्हतं. आत हात घातला तर काही लागत नव्हतं, एवढंच.

तो सोळाव्या वर्षी खेडकडच्या गावातून ठाण्याला आला आणि बाळकुमच्या दगडाच्या कारखान्यात लागला. तेव्हा आजूबाजूला भातशेती होती. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक हौद आणि पाच माणसं. त्यांत धोंडीबा हा देशावरचा कारागीर मुख्य. त्याने दौलतला पहिलं वर्षभर फक्त दगड घासायला लावला. पाणी, वाळू आणि खांदा. दुसऱ्या वर्षी सरळ रेघ. तिसऱ्या वर्षी काना. एक काना नीट उतरेपर्यंत दौलतने टाकाऊ फरशीच्या तुकड्यांवर किती काने कोरले ते धोंडीबाने मोजले नाहीत आणि दौलतला मोजू दिले नाहीत. मोजणारा माणूस लवकर दमतो, असं तो म्हणायचा.

धोंडीबाची शिकवण थोडी होती. छिन्नी डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांत आणि अंगठ्यात धरायची, ती आवळायची नाही. डोळ्याला फक्त रेघ दिसते; घाव कुठे बसला, दगड आत कसा आहे, ते त्या दोन बोटांना कळतं. नाव कोरायचं असेल तर आधी बाकीचं कोरायचं, मुख्य नाव शेवटी, हात तापल्यावर. आणि टवका उडाला तर मालकाला सांगायचं, दगड उलटा करायचा, मागच्या बाजूने पहिल्यापासून सुरू करायचं. टवका झाकायचा नाही.

दौलतने तो झाकला.

साल छ्याऐंशी. टेंभी नाक्याजवळ एक तीन मजली इमारत उभी राहिली होती, ‘कमल निवास’. फाटकाच्या खांबावर लावायचा दगड दौलतकडे आला. वर मराठी, खाली इंग्रजी. इंग्रजी अक्षर कोरताना त्याच्या टोकांना लहान आडव्या पट्ट्या काढायच्या असतात, म्हणजे अक्षर जमिनीवर पाय रोवून उभं राहिल्यासारखं दिसतं. कारखान्यात त्याला टाच म्हणत. वरच्या मराठी ओळीला गेरूच्या खुणा करून ठेवल्या होत्या आणि इंग्रजी आधी घेतली होती. पहिल्याच ‘के’च्या टाचेचा डावा कोपरा उडाला. वालाच्या दाण्याएवढा टवका.

दगड उलटा करता आला असता, पण मागची बाजू घासलेली नव्हती. ती घासायची म्हणजे दीड दिवस. घरवाले दुसऱ्या दिवशी सकाळी दगड न्यायला येणार होते, वास्तुशांत होती. धोंडीबा जेवायला गेला होता. दौलतने टवक्याच्या कडा थोड्या आत घेतल्या, टोक काढलं, मधे एक शीर ओढली. पान झालं. डावीकडे झुकलेलं, एका बाजूला फुगीर. टवका उडाला तसाच त्याचा आकार.

एकच पान चूक दिसली असती. म्हणून त्याने उरलेल्या नऊ अक्षरांच्या सगळ्या टाचांना पानं काढली. मग वरची मराठी ओळ बोडकी दिसायला लागली, तेव्हा मराठी अक्षरांच्या कान्यांना कधी नसते ती टाच लावली आणि तिलाही पान. एक टवका झाकायला तो दिवस मावळेपर्यंत बसला होता. दीड दिवसाची घासाई वाचवायला त्याने मूळ कामाहून जास्त घाव घातले, हे त्याच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

घरमालकाने पानावरून बोट फिरवलं आणि तो खूश झाला. धोंडीबा दगडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “आता जन्मभर हेच करशील.”

तसंच झालं. ‘कमल निवास’ बघून शेजारच्या इमारतीने तेच अक्षर मागितलं. मग नौपाड्यातल्या एका मंगल कार्यालयाने, मग कल्याणातल्या दोन बंगल्यांनी, मग डोंबिवलीतल्या सोसायट्यांनी. लोक बाळकुमला येऊन सांगायचे, ते पानाचं अक्षर पाहिजे. अट्ठावीस वर्षं दौलतने पानं कोरली. प्रत्येक पान नवं कोरावं लागायचं, कारण प्रत्येक दगड वेगळा. कुठे शीर खोल जायची, कुठे टोक बोथट राहायचं. डावीकडे झुकायचं मात्र सगळ्यांनी.

हे पान म्हणजे काय आहे ते धोंडीबाला कळलं होतं, आणि दौलतने एकदा नंदाला सांगितलं होतं. धोंडीबा वारला. नंदाने ते कुणाला सांगितलं नाही, पण विसरलीही नाही. दोघं पाहुण्यांकडे कल्याणला निघाली की रस्त्यात कुठल्या तरी फाटकावर ते अक्षर दिसायचंच. नंदा कोपराने ढोसायची.

“अहो, आली बघा तुमची चूक.”

दौलत म्हणायचा, “अगं हळू बोल.” ती आणखी मोठ्याने म्हणायची. एका लग्नात कार्यालयाच्या दारावर ते अक्षर होतं, तर ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून सांगत होती, किती छान आहे नाही, आणि दौलतकडे बघून पदर तोंडाला लावत होती.

पुढे कारखान्यात हवेवर चालणारी छिन्नी आली. काम तिपटीने वाढलं. दिवसभर ती छिन्नी डाव्या हातात थरथरायची. काही वर्षांनी थंडीत डाव्या हाताची दोन बोटं पांढरी पडायला लागली, मग उन्हाळ्यातही पांढरी पडू लागली, मग त्यांतली जाण गेली. डॉक्टरने सुई टोचून बघितली. दौलत सुईकडे बघत होता म्हणून त्याला कळलं की टोचली. आता ही बोटं परत येणार नाहीत, असं डॉक्टरने सांगितलं. साठाव्या वर्षी दौलतने कारखाना सोडला.

संचिता आली ती नंदा असताना. पंचविशीची मुलगी, अक्षरं तयार करायचं शिकलेली. ती लहानाची मोठी झाली ‘कमल निवास’मध्ये. इमारत पुनर्विकासाला गेली, पाडली, तेव्हा तिने डेब्रिसमधून फाटकाचा दगड उचलून आणला. मग तिला तसलेच दगड सगळीकडे दिसायला लागले. दगडावर पातळ कागद धरायचा, वरून काळं मेण घासायचं, की अक्षर कागदावर उमटतं. असे एकतीस दगड तिने उतरवले. कोरणाऱ्याचं नाव कुठल्याच दगडावर नव्हतं. विचारत विचारत ती बाळकुमला पोचली. तिथे जुन्या मालकाचा मुलगा सिद्धेश आता कारखाना बघतो, त्याने तिला कोपरला पाठवलं.

तिने सगळे कागद दौलतच्या खोलीत पसरले. ती कॉम्प्युटरवर वापरायचा फॉन्ट करत होती, इंग्रजी आणि मराठी दोन्ही. तिच्या भाषेत टाचेला सेरिफ म्हणत. हे अक्षर बारीक मजकुराला चालणार नाही, मोठ्या पाटीचं आहे, पण पाटीला याच्यासारखं दुसरं नाही, असं तिचं म्हणणं. मग तिने विचारलं, “काका, सगळी पानं डावीकडे का झुकतात?”

दौलत कागदाकडे बघत राहिला. नंदा चहाचं आधण बघायचं म्हणून ओट्याकडे वळली, तिची पाठ हलत होती. दौलत म्हणाला, तशी पद्धत होती.

फॉन्ट मार्चमध्ये बाहेर आला. नंदा जाऊन तीन महिने झाले होते. संचिताने त्याचं नाव ‘बाळकुम’ ठेवलं आणि त्याच्या माहितीत दौलतचं नाव घातलं. पानाबद्दलही लिहिलं होतं. जुन्या ठाण्यातल्या लाकडी सज्जांवर वेली कोरलेल्या असत, त्या वेलींवरून हे पान आलं असावं, असं. तिने ते घरी येऊन वाचून दाखवलं. दौलतने ऐकलं, मान हलवली.

मग अक्षर बाहेर दिसू लागलं. आधी कोपर स्टेशनजवळच्या केकच्या दुकानावर. मग ठाण्यात एका चहावाल्याच्या तांबड्या पाटीवर, खाली ‘जुन्या चवीचा’ असं लिहून. मग बाळकुमलाच, भातशेती होती त्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरच्या फाटकावर, पितळी रंगात, दोन हात उंच. लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढायचे. सूरज, दौलतचा मुलगा, कल्याणहून मोबाइलवर फोटो पाठवायचा, बाबा हे बघा, बाबा ते बघा. दौलत बघायचा. न्हाव्याच्या दुकानात खाली पडलेले आपलेच केस बघावेत, तसं ते होतं. आपले असतात. दुखत नाहीत.

सूरज त्या रविवारी आला तेव्हा दौलत दगड पुसत होता. सूरज थोडा वेळ दाराशी उभा राहिला. वडलांशी बोलायचं म्हणजे त्याला आधी चपला नीट लावून ठेवाव्या लागायच्या. त्याने त्या ठेवल्या. मग म्हणाला की महिला मंडळाच्या बाईंचा त्याला फोन आलेला. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त दगडाचं माप विचारलं. माप त्यांना माहीत आहे. म्हणजे त्या काय विचारत होत्या ते बाबांनी समजून घ्यावं.

दौलतने फडकं पिळलं.

“बाबा, सिद्धेशकडे सीएनसी आहे. तुमचाच फॉन्ट टाकायचा. अक्षर तुमचंच ना? मग हाताने कोरलं काय नि मशीनने कोरलं काय?”

सूरज चुकीचं बोलत नव्हता. दहा महिने दगड पडून होता, हेही खरं होतं. दौलतने सांगितलं, मंगळवारी रिक्षा सांग.

बाळकुमची शेड अजून होती, तीन बाजूंनी टॉवर आणि मधे पत्रा. हौद बुजवला होता. पाच माणसांच्या जागी एक मशीन होतं आणि ते चालवणारा सिद्धेश. त्याने दौलतला खुर्ची दिली, दगड मशीनवर बसवला आणि पडद्यावर दोन्ही ओळी टाइप केल्या. टाइप करायला त्याला अर्धं मिनिट लागलं. मग त्याने वरची ओळ मोठी करून दाखवली.

‘नंदा’. ‘न’च्या पायाशी एक पान, ‘द’च्या शेपटीला एक, काना संपतो तिथे एक. तिन्ही पानं एकसारखी. संचिताने एकतीस दगडांवरच्या सगळ्या पानांतून एकच निवडलं होतं आणि तेच सगळीकडे लावलं होतं. कुठलं, ते दौलतने ओळखलं. ते ‘कमल निवास’च्या ‘के’चं होतं. शीर मधोमध नव्हती, फुगवटा डाव्या अंगाला, वालाच्या दाण्याएवढा. बाकीची हजारो पानं त्याने हाताने काढली होती. हे एकच असं होतं की जे त्याने काढलं नव्हतं, ते उडालं होतं.

सिद्धेशने विचारलं, “काका, चालू करू?”

“खालची ओळ काप. वरची राहू दे.”

‘यांच्या स्मरणार्थ’ कोरायला मशीनला एकोणीस मिनिटं लागली. काम स्वच्छ होतं. दौलतने कडांवरून उजव्या हाताचं बोट फिरवलं, खोली सगळीकडे सारखी होती. वाईट म्हणावं असं त्यात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज कोपरहून बाळकुमला यायला लागला. सूरज म्हणाला, घरी करा, दगड परत आणून देतो. पण कोपरच्या खोलीत दगड ठेवायला पक्की बैठक नव्हती, शेडमध्ये जुना ओटा होता. पहिल्या दिवशी त्याने ‘गमरे’चा ‘ग’ धरला आणि अडकला. डाव्या बोटांना छिन्नी कळत नव्हती. ती दगडावर टेकली आहे की अधांतरी आहे, हेही बघून ठरवावं लागत होतं. बघत बसलं तर घाव चुकतो. त्याने अर्ध्या तासात सात घाव घातले आणि थांबला.

दुपारी एक वाजता सिद्धेश जेवायला गेला. मशीन बंद झालं. शेडमध्ये शांतता झाली तसा दौलतने सहज एक घाव घातला, आणि तो त्याला ऐकू आला. छिन्नी दगडात नीट बसली असेल तर आवाज बंद येतो. कड सोडत असेल तर वरचा, पातळ येतो. हे त्याला चव्वेचाळीस वर्षं ठाऊक होतं, पण त्याची गरज कधी पडली नव्हती. बोटं होती.

तेव्हा वेळ ठरली. मशीन बंद असेल तो एक तास. एक ते दोन. मशीन थांबवू का, असं सिद्धेशने त्याला विचारलं, तर दौलत म्हणाला, तुझं काम थांबवून माझं नको. सिद्धेश जेवायला उशीर लावायला लागला. दोनचे सव्वादोन, अडीच झाले. दौलतला ते कळत होतं.

धोंडीबाने सांगितल्याप्रमाणे त्याने शेवटाकडून घेतलं. आधी ‘गमरे’. चार दिवस. मग ‘दौलत’. स्वतःचं नाव कोरताना काही वाटेल असं त्याला वाटलं होतं, काही वाटलं नाही. पाच दिवस. मधे एक दिवस मान धरली म्हणून गेला, दोन रविवारी शेड बंद म्हणून. खांदा रात्री ठणकायचा, त्यावर तो तेल लावायचा. अक्षरं त्याने साधी काढली. धोंडीबाकडे शिकलेली, टाच नाही, पान नाही. उभी रेघ जिथे संपायची तिथे संपवली.

‘नंदा’ला त्याने आठ डिसेंबरला हात घातला. सगळ्या ओळीत ही दोनच अक्षरं अशी होती की ज्यांची त्याला घाई नव्हती. ‘न’ला दोन दुपारी, अनुस्वाराला अर्धी. ते टिंब गोल काढायला छिन्नी फिरवत न्यावी लागते, जुन्या हाताला तो खेळ होता. आता प्रत्येक घावानंतर थांबून आवाज आठवावा लागत होता. ‘द’ला दीड दुपार. बारा तारखेला काना उरला.

त्या दिवशी संचिता आली. सिद्धेशने तिला कळवलं असावं. तिने टोपीसारखा रुमाल बांधला होता, हातात मोबाइल होता. दौलत कोरत होता म्हणून ती फोटो न काढता मशीनला टेकून उभी राहिली. वरची ओळ साधी आणि खालची पानाची, हे तिला आल्या आल्या दिसलं. तिच्या चेहऱ्यावर नाराजी आली आणि तिने ती मागे ढकलली.

काना वरून खाली आला. शेवटच्या अर्ध्या इंचात आवाज एकदम पातळ झाला. दौलतने तो ऐकला, पण तोवर हातोडी पडली होती. कान्याचा डावा कोपरा उडाला आणि ओट्यावर टकटक करत गेला.

दौलतने टवका उचलला. वालाच्या दाण्याहून थोडा लहान. जेवून परतलेल्या सिद्धेशने जवळ येऊन बघितलं आणि धीर दिला. रेझिनमध्ये दगडाची भुकटी कालवून भरतो, घासतो, संध्याकाळपर्यंत सुकेल, जवळून बघितलं तरी कळणार नाही. संचिता दगडाशी वाकली होती.

“काका, तिथे पान काढा ना. खालच्या ओळीशी जुळेल.”

दौलत तिच्याकडे बघत राहिला. ती मनापासून बोलत होती. तिने एकतीस दगड गुडघ्यावर बसून उतरवले होते, काही गटारीच्या कडेला होते.

“पान नाही ते,” तो म्हणाला. “तुझ्या इमारतीचा दगड कोरताना टवका उडाला होता. असाच. तो झाकायला काढलं. मग सगळ्यांनाच काढत गेलो.”

संचिताने विचारलं, “आणि वेली?”

“वेली तुझ्या.”

ती ओट्याच्या कडेवर बसली. “मी छापलंय ते. लोक वाचतात. मग आता पान काढून टाकू?”

“कशाला? लोकांना आवडलंय. दिसतं चांगलं.” त्याने हातातला टवका ओट्यावर ठेवला. “पण हिला माहीत होतं. हिच्या नावाला झाकण नको.”

त्याने छिन्नी पुसून पिशवीत टाकली. सिद्धेश रेझिनचा डबा हातात घेऊन उभा होता, त्याने तो फळीवर ठेवला. अक्षरांत काळा रंग भरायचं काम उरलं होतं, ते दौलतने त्याच दुपारी केलं. टवक्यात रंग भरला नाही. तिथे दगड पांढरा राहिला. सिद्धेशने मशीन चालू केलं ते साडेतीनला.

संचिता निघताना टवका मागत होती. दौलतने दिला. तिने तो रुमालाच्या टोकात बांधला.

चौदाला सकाळी विहारात वंदना झाली, भन्तेजींचं प्रवचन झालं, नंदाबद्दल चौघीजणी बोलल्या. एक बोलता बोलता रडली. दौलत पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत बसला होता. सगळी बाहेर आली आणि पाणपोईचा नळ उघडला. दगड आदल्या दिवशी गवंड्याने बसवला होता, कडेचं सिमेंट अजून ओलसर होतं. मंडळाच्या बाईंनी दगडावर पाण्याचा हात फिरवला आणि त्या थांबल्या.

“भाऊ, इथे थोडं तुटलंय का?”

“हो.”

“बसवताना?”

“नाही. माझ्या हातून.”

बाईंनी पदराने दगड कोरडा केला. लोक रांगेने पाणी प्यायले, मग जेवायला बसले. सूरज वाढत होता. दौलतला कुणी तरी पानावर बोलवत होतं, तो येतो म्हणाला.

पाणपोईशी कुणी नव्हतं. नळ पूर्ण बंद झाला नव्हता, तो त्याने बंद केला. मग त्याने डाव्या हाताचं बोट कान्याच्या शेवटी, उडालेल्या कोपऱ्यात ठेवलं. बोट तिथे आहे हे दिसत होतं. दगड गार होता की नाही, कड टोचत होती की नाही, काही कळत नव्हतं. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला, जणू बोटाला वेळ द्यायला हवा.

मग त्याने ते काढलं आणि उजव्या हाताचं ठेवलं. कड धारदार होती. लागली.

“आली बघा,” तो म्हणाला, आणि जेवायला गेला.